बेळगावच्या बाजारातलं डार्क चॉकलेट: तब्येतीसाठी घ्यायचं तर कुठलं, किती, आणि कुठलं नको

'डार्क चॉकलेट हृदयाला चांगलं' हे आता बेळगावात मेडिकलच्या काउंटरवरही ऐकायला मिळतं. कॅम्पातल्या बेकऱ्या, टिळकवाडीतली सुपरमार्केटं, खडेबाजारातली सुक्या मेव्याची दुकानं, निपाणी-संकेश्वरकडे हायवेला लागून असलेले स्टॉल, सगळीकडे काळ्या-सोनेरी कागदातल्या वड्या मांडलेल्या दिसतात. या परीक्षणात आम्ही ब्रँडांपेक्षा मालाचे प्रकार तपासले आहेत: ५५ टक्के, ७०-७५ टक्के, ८५-९० टक्के, ९९ टक्के (टक्का म्हणजे वडीतलं कोकोचं प्रमाण), शुगर-फ्री, 'होममेड' आणि डब्यातली कोको पावडर. निकाल आधीच सांगतो. तब्येत हेच कारण असेल तर पहिला नंबर अल्कली (कडूपणा कमी करणारा क्षार) न लावलेल्या साध्या कोको पावडरीचा, दुसरा ७०-७५ टक्क्यांच्या वडीचा. ९९ टक्के हा बहुतेकांसाठी वाया जाणारा खर्च आहे. आणि 'होममेड' या यादीत बसतच नाही. ते मिठाई म्हणून खा, आमची हरकत नाही.

आधी फायदा नेमका कशाचा ते बघू. कोकोच्या बियांत फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं असतात, त्यातलं महत्त्वाचं एपिकॅटेचिन. ती पोटात गेली की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड वाढतं, वाहिनी थोडी सैल होते आणि रक्त सहज वाहतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये एवढाच दावा मान्य केला, तोही अट घालून: दिवसाला २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल पोटात गेले पाहिजेत. त्यासाठी फ्लॅव्हनॉल जपून तयार केलेल्या पावडरीचे अडीच ग्रॅम किंवा तशाच जपून केलेल्या डार्क चॉकलेटचे १० ग्रॅम पुरतात. जाहिरातीत दावा येतो, ही अट येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणखी हात आखडता घेतला. किमान ४ टक्के फ्लॅव्हनॉल असलेल्या पावडरीलाच हृदयविकाराबद्दलचा दावा छापायची मुभा दिली, आणि सोबत 'पुरावा फारच मर्यादित' असंही छापायला लावलं. साधी कोको पावडर आणि चॉकलेटची वडी यांना ती मुभा नाही.

रक्तदाबाचं गणित छोटं आहे. कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ३५ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. सरासरी घट निघाली दोन अंकांच्याही आत, १.८ च्या आसपास. म्हणजे वरचा आकडा १४० असेल तर १३८. चाचण्याही काही आठवड्यांच्याच होत्या. तेव्हा चॉकलेट सुरू केलं म्हणून बीपीची गोळी अर्धी करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. कॉसमॉस नावाच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २१,४४२ लोक होते. त्यांतल्या निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलची कॅप्सूल दिली आणि सरासरी साडेतीन वर्षांहून थोडं जास्त पाहिलं. हृदयविकाराच्या एकूण घटनांमध्ये ठोस म्हणावा असा फरक पडला नाही; हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले. आशा वाटावी असा आकडा आहे, पण तो कॅप्सूलचा आहे. साखर आणि चरबी असलेली वडी त्या चाचणीत कुणी खाल्लेली नव्हती. त्याच चाचणीच्या एका भागात स्मरणशक्तीही तपासली. कोकोने तिच्यात फरक पडला नाही. परीक्षेच्या दिवसांत पोराच्या डब्यात 'मेंदूसाठी' वडी ठेवणाऱ्यांनी ती आवडीसाठी ठेवावी.

आणि 'वजन कमी होतं' हे तर सरळ थोतांड. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम एक कच्चा प्रयोग केला: १५ माणसं, तीन आठवडे, १८ निरनिराळी मोजमापं. इतकी मोजमापं घेतली की एखादं तरी योगायोगाने जुळतंच. वजनाचं जुळलं, निबंध छापून आला, जगभरच्या वर्तमानपत्रांनी उचलला, आणि मग त्याने स्वतःच सगळं उघड केलं. चॉकलेटने वजन घटतं अशी पोस्टरं आपल्याकडच्या जिमांत अजूनही दिसतात.

आता मुद्द्याचं. फ्लॅव्हनॉल कडू असतात. ही चव कमी करायची, रंग गडद करायचा आणि पावडर दुधात नीट मिसळावी, म्हणून कारखान्यात कोकोला अल्कली लावतात. याला डच प्रक्रिया म्हणतात. चव गोलसर होते आणि फ्लॅव्हनॉल जातात. किती जातात याची मोजदाद २००८ मध्ये झाली आहे. अल्कली न लावलेल्या पावडरीत ग्रॅममागे सरासरी ३४.६ मिलिग्रॅम, हलकी अल्कली लावलेल्या पावडरीत १३.८, मध्यम ७.८, भरपूर लावलेल्या पावडरीत ३.९. म्हणजे काळीभोर, सुगंधी, दिसायला सगळ्यात 'डार्क' पावडर तब्येतीच्या हिशोबाने सगळ्यात रिकामी. केकवाल्यांना हीच आवडते आणि त्यांच्या कामाला ती योग्यच आहे. बी आंबवताना आणि भाजतानाही काही फ्लॅव्हनॉल जातात, पण ते वेष्टनावरून कळायचा मार्ग नाही. अल्कलीचं कळतं. घटकांच्या यादीत 'अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर' आणि त्यापुढे ५००, ५०१, ५२४ किंवा ५२५ असा आकडा दिसला की अल्कली लावलेली आहे. काही परदेशी डब्यांवर 'प्रोसेस्ड विथ अल्कली' असं सरळ लिहिलेलं असतं.

कोको पावडर घेताना यादीत फक्त 'कोको पावडर' किंवा 'कोको सॉलिड्स' असावं. रंग विटकरीकडे झुकणारा फिकट तपकिरी, चव कडू आणि किंचित आंबट. 'ड्रिंकिंग चॉकलेट' आणि माल्टवाली पेयं शेजारीच ठेवलेली असतात. त्यांत साखर बहुधा पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असते आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचा नियम आहे, तेव्हा वेगळं सांगायला नको. खुली, वजनावर मिळणारी कोको बेकरीच्या सामानाच्या दुकानांत स्वस्त पडते, पण तिच्यावर यादीच नसते. दुकानदाराला 'अण्णा, मूळ पोत्यावरचं लेबल दाखवा' म्हणायचं. दाखवलं तर घ्या.

प्रमाण किती? साधी पावडर ग्रॅममागे ३५ मिलिग्रॅमच्या आसपास धरली तर २०० मिलिग्रॅमसाठी सहा ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट अडीच चमचे. हा अंदाज आहे. डब्यागणिक फरक पडणारच. करायची रीत अशी: कोरड्या कपात पावडर घ्या, त्यात दोन मोठे चमचे गरम पाणी घालून घोटून गुळगुळीत पेस्ट करा आणि मग दीडशे मिली गरम पाणी किंवा दूध हळूहळू ओता. पावडर थेट कपभर दुधात टाकली तर वर गोळे तरंगतात. कोकोतल्या चरबीमुळे पाणी आत शिरत नाही, नंतर कितीही ढवळा. गूळ घालणार असाल तर भांडं चुलीवरून उतरवून, दूध पिण्याइतकं निवल्यावर घाला. कोको आंबटसर, गूळही थोडा आंबटसर, आणि उकळत्या दुधात दोन्ही एकदम पडले की दूध फुटतं. एक छोटा चमचा गूळ पुरतो. दुधामुळे फ्लॅव्हनॉल अंगी लागत नाहीत की लागतात यावर संशोधकांत एकमत झालेलं नाही. शंका नको असेल तर पाण्यात करा. चव उघडी पडते, हे मान्य. चिमूटभर मीठ आणि वेलची घातली की बरीच सावरते.

हा कप आमच्या मते सगळ्यात चांगला सौदा. साखर तुमच्या हातात, चरबी कमी, आणि दुकानातल्या उन्हाने बिघडेल असं त्यात काही नाही.

वडीकडे येताना टक्क्याचा अर्थ नीट घ्या. ७० टक्के म्हणजे कोकोचा चोथा (चरबी सोडून उरणारा भाग) आणि कोको बटर (बीतली चरबी) मिळून ७०. फ्लॅव्हनॉल चोथ्यात असतात, बटरमध्ये जवळपास नसतात. त्यामुळे दोन्ही वड्यांवर ७० छापलेलं असलं तरी माल वेगळा असू शकतो. ओळखायला सोपा हिशोब आहे. वडीत दूध किंवा दुसरं तेल नसेल तर छापलेल्या टक्क्यातून शंभर ग्रॅममागची एकूण चरबी वजा करा. ७० टक्क्यांच्या वडीत चरबी ४२ ग्रॅम असेल तर चोथा २८. चरबी ३८ असेल तर चोथा ३२. जास्त चोथ्याची वडी घ्या. साखर काढायची तर १०० मधून टक्का वजा करा. थोड्याफार फरकाने तोच आकडा येतो. टक्का छापलेलाच नाही आणि नुसतं 'डार्क' किंवा 'रिच डार्क' लिहिलंय, अशी वडी आम्ही परत ठेवतो.

५५ टक्के: आपल्याकडे सगळ्यात सहज मिळणारी, खानापूर-चिकोडीच्या किराणा दुकानांतही दिसणारी. दुधाच्या चॉकलेटवरून वळणाऱ्याला ठीक. पण २० ग्रॅम खाल्लं तर आठ-नऊ ग्रॅम साखर, म्हणजे दोन चमचे. रोजच्या खाण्यासाठी नको.

७०-७५ टक्के: हिची शिफारस. २० ग्रॅममध्ये साखर पाच-सहा ग्रॅम, कडवटपणा सहन होण्याजोगा, त्यामुळे महिनाभर टिकून खाल्ली जाते. यादीत कोको मास (दळलेलं कोकोचं बी), साखर, कोको बटर, लेसिथिन, व्हॅनिला एवढंच हवं. 'मिल्क सॉलिड्स' किंवा 'बटर ऑइल' दिसलं तर वरचा चोथ्याचा हिशोब लागू होत नाही.

८५-९० टक्के: शुगरवाल्यांना बरी, कारण २० ग्रॅममध्ये साखर दोन-तीन ग्रॅमच. पण इथंच एक खोच आहे. इतकी कडू वडी लोकांनी खावी म्हणून काही कारखाने तीत अल्कली लावलेली कोको पावडर मिसळतात. चव आश्चर्य वाटावं इतकी मऊ लागली तर यादी पुन्हा वाचा. अल्कली लावलेल्या नव्वदपेक्षा अल्कली नसलेली सत्तरची वडी केव्हाही उजवी.

९९ टक्क्यांची वडी नुसती खाववत नाही. लोक एक तुकडा खातात, वडी फ्रिजच्या दारात ठेवतात आणि पावसाळ्यात टाकून देतात. किसून वरच्या कपात घालायची असेल तरच घ्या. अमूलच्या वड्या ५५ पासून ९९ पर्यंत सगळ्या टक्क्यांत येतात, त्यामुळे टक्क्यांतला फरक चाखून बघायला सोयीच्या. कर्नाटकातलाच माल हवा असेल तर पुत्तूरला कॅम्पको या सुपारी-कोको उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून आहे. दक्षिण कन्नडच्या सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून कोको लावतात. म्हैसूर, पुदुच्चेरी, केरळकडच्या छोट्या कारखानदारांच्या बीपासून वडीपर्यंत स्वतः करणाऱ्या वड्याही मागवता येतात. त्यांची यादी बहुधा दोन-तीन घटकांची असते आणि किंमत दुप्पट-तिप्पट.

आता 'होममेड'. रंगीत चमकी कागदात गुंडाळलेली, दिवाळी आणि लग्नसराईत डब्याडब्यांनी जाणारी ही चॉकलेटं बहुतांशी डार्क कंपाऊंडच्या स्लॅबपासून होतात. कंपाऊंड म्हणजे साखर, थोडी कोको पावडर आणि कोको बटरऐवजी पाम कर्नलसारखी वनस्पती चरबी. करणाऱ्याची त्यात सोय आहे: टेम्परिंग (ठरावीक तापमानांतून नेऊन चॉकलेट नीट गोठवणं) लागत नाही, वितळवलं, साच्यात ओतलं, दहा मिनिटांत सुटलं. खऱ्या चॉकलेटला ४५-५० अंशांपर्यंत वितळवून २७-२८ वर आणायचं, पुन्हा ३१-३२ पर्यंत चढवायचं आणि ओतेपर्यंत तिथंच राखायचं हे सोपं काम नाही, त्यात बेळगावचा एप्रिल. त्यामुळे कष्टाला दोष नाही, पण हृदयाचं नाव सांगून विकू नये. कोको बटरमध्ये एक तृतीयांशाच्या आसपास स्टिअरिक आम्ल असतं, जे वाईट कोलेस्टेरॉल फारसं वाढवत नाही. पाम कर्नलमध्ये लॉरिक आम्ल जास्त, आणि ते वाढवतं. ओळखायची खूण: तुकडा दोन बोटांत धरा. खरं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून अर्ध्या मिनिटात बोटाला लागतं. कंपाऊंड तसंच राहतं आणि जिभेवर गेल्यावर टाळ्याला मेणाचा थर सोडतं. खऱ्या वडीवरही 'कोको बटरखेरीज वनस्पती चरबी आहे' अशी ओळ दिसू शकते. कायद्याने पाच टक्क्यांपर्यंत ती चालते. तब्येतीसाठी घेताना ती ओळ नसलेली वडी निवडा.

शुगर-फ्री वडीत साखरेच्या जागी बहुधा माल्टिटॉल असतं. ते रक्तातली साखर कमी वाढवतं, पण वाढवतंच. आणि जास्त खाल्लं की पोट फुगतं, जुलाब होतात. वेष्टनावर बारीक अक्षरात तसा इशारा छापलेला असतो. 'शुगर-फ्री आहे, खावा की' म्हणून अर्धी वडी एका बैठकीत संपवणाऱ्याला रात्री त्याचा अर्थ कळतो. मधुमेह असेल तर शुगर-फ्रीच्या मागे लागण्यापेक्षा ८५ टक्क्यांचे दहा ग्रॅम जेवणानंतर घेणं जास्त सरळ.

दिवसाला किती? २० ग्रॅमच्या वर जाऊ नका. ७०-८५ टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये १०० ग्रॅमला साधारण ६०० कॅलरी, ४३ ग्रॅम चरबी, ८० मिलिग्रॅम कॅफीन आणि ८०० मिलिग्रॅम थिओब्रोमिन (कॅफीनच्याच जातीचं द्रव्य) असतं. म्हणजे २० ग्रॅमला १२० कॅलरी, दीड चपातीचा ऐवज. तुकड्यावरून वजन काढायचं तर वडीचं वजन भागिले चौकोन: १०० ग्रॅमला २४ चौकोन असतील तर एक चौकोन चार ग्रॅमचा, पाच पुरे. हे जेवणावर वाढवायचं नाही, कशाच्या तरी जागी घ्यायचं. रात्रीच्या जेवणानंतर कुंदा होताच, त्यावर तब्येतीचं चॉकलेटही खाल्लं, तर फायद्याचा हिशोब तिथंच संपला. लोहाचंही तसंच. २० ग्रॅममध्ये दोन मिलिग्रॅमहून जास्त लोह आहे हे खरं, पण कोकोतलीच द्रव्यं ते शोषू देत नाहीत. रक्त कमी असलेल्या बाईने चॉकलेटवर भिस्त ठेवू नये, आणि लोहाची गोळी चॉकलेट किंवा कोकोबरोबर घेऊ नये. मध्ये दोन तास जाऊ द्यावेत.

खरी अडचण आपल्या हवेची. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये दुपारी ३६-३७ अंश आणि पहाटे विशीत, अशी रोजची चढउतार असते. कोको बटर दुपारी अर्धवट वितळतं, रात्री पुन्हा गोठतं आणि वडीवर करडा-पांढरा थर येतो. हा चरबीचा थर; बोट चोळलं की पुसला जातो. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला ओल मुरते, किंवा फ्रिजमधून काढलेल्या थंड वडीवर घाम येतो, साखर विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत पांढरे डाग राहतात. हे चोळून जात नाहीत. दोन्ही डाग बुरशी नव्हेत आणि खाऊन अपाय होत नाही, फक्त वडी कुरकुरीत तुटत नाही, भुसभुशीत लागते. किसून कपात वापरा. धाग्यासारखी लव, जाळी, बारीक भोकं किंवा कुबट वास असेल तर मात्र टाकून द्या. सुका मेवा घातलेल्या जुन्या वड्यांत कीड लवकर होते.

दुकान निवडताना रात्री काय होतं ते विचारा. दिवसा एसी आणि शटर पडल्यावर बंद, किंवा काचेचा फ्रिज रात्री बंद, अशा ठिकाणचा माल रोज एकदा वितळून गोठतो. कागदावरून बोट फिरवा: चौकोनांच्या कडा हाताला स्पष्ट लागल्या पाहिजेत. वडी एका बाजूला जाड लागली, किंवा आत सैल खडखडली, तर ती उन्हात वाकून मोडलेली आहे. बांधणीची तारीख सहा महिन्यांच्या आतली बघा. अगरबत्ती, साबण, मसाल्याच्या फळीशेजारची वडी घेऊ नका; कोको बटर वास ओढून घेतं आणि सोडत नाही. गोव्याहून किंवा गल्फमधून आलेल्या मालावर आयातदाराचं नाव आणि अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक असलेलं स्टिकर हवं. ते नसेल तर वडी कुठं, किती उन्हात राहिली याचा पत्ता नाही.

घरी ठेवायला १५-१८ अंश उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे कपाटाचा खालचा कप्पा पुरतो. बाकीचे महिने, आणि पत्र्याचं घर असेल तर नक्कीच, फ्रिज लागतो: वडी मूळ कागदात, वर फॉइल, मग घट्ट झाकणाचा डबा, आणि तो भाजीच्या कप्प्यात. काढल्यावर डबा अर्धा-पाऊण तास बंदच राहू द्या. थंड असताना झाकण उघडलं की घाम धरलाच. म्हैसूर-पुदुच्चेरीकडून कुरिअरने मागवायची असेल तर थंडीतच मागवा. उन्हाळ्यात रात्रीच्या बसने पार्सल आलं तरी सकाळी स्टँडवर ते किती वेळ पडून राहील हे आपल्या हातात नसतं.

किंमत वडीवर बघू नका, कोकोच्या ग्रॅमवर काढा: किंमत भागिले (वजन गुणिले टक्का). समजा १०० ग्रॅमची ७० टक्क्यांची वडी ३५० रुपयांना आहे. कोको ७० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला पाच रुपये. १५० ग्रॅम पावडरीचा डबा ३०० रुपयांना असेल तर ग्रॅमला दोन. २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतलं पीक बुडालं आणि कोकोचा जागतिक भाव पहिल्यांदाच टनाला दहा हजार डॉलरवर गेला. तेव्हापासून काही वड्यांचं वजन गुपचूप घटलं आहे, म्हणून ग्रॅम वाचल्याशिवाय दोन वड्यांची तुलना करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेट आणि कोको पावडरीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या छापील किमतीचा माल अजून फळीवर असेल तर नवा दर लावायला सांगा.

कुणी जपून खावं: ऑक्झलेटचे मुतखडे झालेल्यांनी कोको टाळलेली बरी, तिच्यात ऑक्झलेट भरपूर. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर पोटॅशियममुळे डॉक्टरला विचारूनच. पित्ताचा त्रास असेल तर रिकाम्या पोटी आणि झोपण्याआधी नको. थिओब्रोमिनने अन्ननलिकेची खालची झडप सैल पडते आणि आंबट वर येतं. झोप हलकी असेल तर संध्याकाळच्या आत खा. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या बाबतीत शिसं आणि कॅडमियम लक्षात घ्यावं. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने डिसेंबर २०२२ मध्ये २८ डार्क वड्या तपासल्या, त्यांतल्या २३ मध्ये यांपैकी किमान एका धातूचं प्रमाण असं निघालं की रोज एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, खाणं त्यांच्या मते धोक्याचं ठरावं. कॅडमियम मातीतून बियांत येतं, शिसं बहुधा बी उघड्यावर वाळवताना धुळीतून. कोको जितकी जास्त तितके हे धातूही जास्त येण्याची शक्यता, म्हणून मुलांना रोज ८५-९० टक्के देण्यात शहाणपण नाही. आठवड्यातून दोनदा, एक-दोन चौकोन, आणि तेही वेगवेगळ्या कारखान्यांचे.

घरात कुत्रं असेल तर वडी टीपॉयवर सोडू नका. कुत्र्याच्या अंगातून थिओब्रोमिन फार हळू बाहेर पडतं. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या पुढे ओकाऱ्या, जुलाब आणि अस्वस्थपणा सुरू होतो, आणखी वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, झटके येतात. दहा किलोच्या कुत्र्याला ७०-८५ टक्क्यांचे २५ ग्रॅम एवढ्याला पुरतात. खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता जनावरांच्या दवाखान्यात न्या आणि वेष्टन सोबत घ्या. टक्का आणि उरलेलं वजन बघून किती पोटात गेलं ते डॉक्टरला काढता येतं.